मागच्या पानावरचा हिशेब

भाषाविज्ञानाच्या वहीचं शेवटचं पान
पहिल्याच आठवड्यात भरलं:
फेरी, शून्य.
रायबंदर ते पणजी, दहा.
पणजी ते विद्यापीठ, पंधरा.
उशिराचा रकाना केला नव्हता.

चोडणहून निघायचं तर आधी मांडवीला विचारावं लागतं.
फेरीबोट पलीकडे असते, नेहमीच पलीकडे,
आणि पहिल्या तासाच्या सरांना
ओहोटीचं कारण चालत नाही.
फेरीवर माणसाला तिकीट नाही.
आम्ही माणसं कठड्याला टेकून,
दुधाचे कॅन, पाटीतली खुबे-तिसऱ्यो,
बँकेतल्या बाईंची स्कूटर.
तिच्या आरशात मी वेणी नीट करते,
बाई मुद्दाम नदीकडे बघतात.

धक्क्यावर बस घुरघुरत असते.
दारात शाणू कंडक्टर, एक पाय पायरीवर, एक हवेत,
"पणजे-पणजे-पणजे",
जणू एका तिकिटात तीन शहरं.
"फाटीं वच गे, फाटीं जागो आसा!"
मागे जागा कधीच नसते.
तरी सगळे सरकतात,
आणि एक माणूस मावतोच.
ड्रायव्हरसमोर शांतादुर्गा, बाजूला क्रूस,
मधे पाटी: सुटे पैसे द्यावेत.
दोघांचं एकमत असलेलं एवढंच.

कदंबाचा पास अर्ध्या भाड्यात.
अर्ज, दोन फोटो, विभागप्रमुखांची सही,
सही करणारे रजेवर.
पास मिळाला त्याच महिन्यात
माझ्या वेळेची गाडी बंद झाली.
पास अजून पाकिटात आहे.
त्यातल्या फोटोत मी
वेळेवर पोचलेली दिसते.

परीक्षेला मात्र मिंगेल पायलट.
काळी-पिवळी मोटरसायकल, पन्नास रुपये.
"पेपर कितल्यांक, बाय?"
"साडेनवांक."
"मागीर घट धर."
कुठे धरायचं ते त्याने सांगितलं नाही.
फाईल पोटाशी, सीटच्या मागची कांब मुठीत,
बांबोळीच्या चढणीवर
पाठ केलेले सगळे प्रत्यय वाऱ्यावर.
उतरल्यावर चाळीसच घेतले.
"धा पास जाल्यार दी."
मी पास झाले.
तो दिसतो अधूनमधून, मागे कुणीतरी बसलेलं असतं.
दहा रुपये अजून पानावर आहेत.

मग जोविता. पेट्रोल अर्धं-अर्धं,
पाटोच्या पुलापासून पठारापर्यंत.
"वळणावर माझ्यासोबत झुक. उलटी गेलीस तर दोघी गटारात."
मला ते जमायला गणेशचतुर्थी उजाडली.
नाताळपर्यंत आम्ही
बोलणं न तोडता वळण घेत होतो.
फेब्रुवारीत तिचा पोर्तुगीज पासपोर्ट आला.
लिस्बनला ट्राम असते म्हणाली,
आणि स्कूटर मला दिली, आठ हप्त्यांत.
हेल्मेट एकच. दुसरं तिच्या भावाने ठेवून घेतलं.
आतल्या कापडाला अजून तिच्या तेलाचा वास आहे.

पान उलटलं. बसचे आकडे संपले,
चेन, ब्रेक, विमा सुरू झाले.
पहिल्या दिवशी फेरीवर शाणू भेटला,
त्याच्या सुट्टीचा दिवस,
स्कूटरकडे बघून म्हणाला, "आतां फाटीं कोण वचतलें?"
मी हसले. घरी पोचेपर्यंत ते डोक्यात राहिलं.

काल वाचनालयातून निघायला साडेसात झाले.
शेवटची बस केव्हाच गेलेली,
पठारावर वारा, दिवे एकाआड एक.
फाटकाशी एक मुलगी फोन बघत उभी.
हात पुढे नाही, मान वर नाही.
फोनचा पडदा काळा होता.

मला तो फोन माहीत आहे.
दोन वर्षं मी तोच बघत उभी राहायचे,
कुणी थांबलंच तर
आपण मागितलं नव्हतं, असं वाटावं म्हणून.

थांबले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं.
मेरशी. मला वळसा पडतो.
"वळणावर माझ्यासोबत झुक," म्हटलं,
आणि हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं.
वाटेत पोलीस नव्हते, नशीब.

रात्री वही काढली.
पेट्रोल, शंभर.
मिंगेल, दहा, बाकी.
त्याखाली जरा ठळक:
दुसरं हेल्मेट.